वाचकांचे प्रश्न : आमवात आला तो कशानं?

मागच्या अंकात आमवातावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं आली, व्हॉट्सअॅपवर रिपोर्टांचे फोटो आले, एका ताईंनी तर सुजलेल्या बोटांचाच फोटो पाठवला, मेंदीसकट. आमवात म्हणजे इथं डॉक्टर चिठ्ठीवर ‘आर.ए.’ लिहितात तो, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. साठीनंतर गुडघे झिजतात त्याचे प्रश्न वेगळे काढून ठेवलेत, ते पुढच्या महिन्यात. नावं छापत नाही, गावं छापते.

प्रश्न : माझं वय 32. धाकटा चार महिन्यांचा असताना सांधे धरायला सुरुवात झाली, आता तो दोन वर्षांचा आहे. सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापायला दहा वाजतात. पायातली जोडवी काढून ठेवावी लागली. लातूरला तपासलं तर आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्या दोन्ही पॉझिटिव्ह. सासूबाई म्हणतात, सव्वा महिना व्हायच्या आत थंड पाण्यात धुणं धुतलंस, त्यानं वात धरला. खरंच त्यानं झालं का? माझ्या मुलीलाही होईल का? (औसा तालुका)

उत्तर : ताई, सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे. पाण्याचा दोष नाही, पण बाळंतपणाचा संबंध आहे.

गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी नमतं घेते. पोटातलं बाळ अर्धं बापाचं असतं, त्याला परकं समजून हाकलायचं नसतं. म्हणून ज्यांना आधीच आमवात आहे अशा निम्म्याहून जास्त बायकांना त्या महिन्यांत आराम पडतो. बाळंतपण झालं की प्रतिकारशक्ती पुन्हा जोरात येते. पुढच्या काही महिन्यांत जुना आमवात उसळतो, आणि जिच्या अंगात तो दबून असतो तिच्यात उघडपणे दिसायला लागतो. नेमके हेच दिवस आपल्याकडे थंड पाणी, वारं, धुणंभांडी यांचा धाक घालायचे. त्यामुळे दोष पाण्याच्या माथी बसला. बाळंतिणीला त्या धाकानं विश्रांती मिळत असेल तर माझी काही हरकत नाही. पण दोन वर्षांनी सुनेला ‘तूच ओढवून घेतलंस’ म्हणायला तो कुणी वापरू नये.

दबून असतो म्हणजे काय, ते तुमच्या रिपोर्टातच आहे. शरीरातल्या प्रथिनांमध्ये एक बारीक रासायनिक बदल होत असतो, आर्जिनिन नावाच्या घटकाचं सिट्रुलिन होतं. तो सगळ्यांमध्येच होतो. काही जणांची प्रतिकारशक्ती मात्र त्या बदललेल्या प्रथिनाला शत्रू ठरवते आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करते. अँटी-सीसीपी ती हीच. ती सांधा दुखायच्या कितीतरी वर्षं आधीपासून रक्तात सापडू शकते. म्हणजे धुणं धुतलं त्याच्या फार आधी हे सुरू झालेलं असू शकतं, आणि सुरुवात बहुधा सांध्यात झालेलीही नसते. फुप्फुसं आणि हिरड्या या दोन जागांवर जास्त संशय आहे.

फुप्फुसांवर संशय येण्याचं कारण धूर. आमवाताच्या बाहेरच्या कारणांमध्ये सगळ्यात पक्का पुरावा विडी-सिगारेटचा आहे, आणि ज्यांच्याकडे आमवाताकडे झुकवणारा जीन आहे (एचएलए-डीआरबी1 चे काही प्रकार) त्यांना धूर दुप्पट-चौपट महागात पडतो. दगडाची धूळही त्याच रांगेत येते. खाणीत, दगड कापण्या-घासण्याच्या कामावर सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, त्या लोकांत आमवात जास्त दिसतो. आपल्या बायका विडी ओढत नाहीत, मिश्री लावतात. मिश्रीनं आमवात होतो असा धुराइतका पुरावा नाही. पण मिश्रीनं हिरड्या जातात, आणि सडलेल्या हिरड्यांमध्ये पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस नावाचा जंतू राहतो. मघाशी सांगितलेला बदल घडवणारं एन्झाइम या जंतूकडे स्वतःचं असतं. हिरड्यांचा आजार आणि आमवात एकाच माणसात वारंवार का भेटतात, त्याचं हे एक उत्तर आहे. माझ्याकडे नवीन पेशंट आला की बोटं बघून झाल्यावर मी तोंड उघडायला सांगते. लोक चक्रावतात, सांध्याची डॉक्टर दात का बघते म्हणून. हिरड्यांतून रक्त येत असेल तर दातांच्या डॉक्टरांकडून साफ करून घ्या, सरकारी दवाखान्यातही होतं.

वाढलेलं वजनही धोका वाढवतं, आणि बाई असणं तर आहेच. पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट बायकांना हा आजार होतो.

आता मुलीचं. आईला असेल तर मुलीला होण्याची शक्यता इतरांच्या साधारण तिप्पट. ऐकायला भीती वाटते, पण पुणे जिल्ह्यात भिगवणला 1996 मध्ये जी मोठी पाहणी झाली तिच्यात आमवात हजारात पाचेक जणांना सापडला होता. त्याची तिप्पट केली तरी बहुतेक मुली सुटतात. हुबेहूब जुळ्या बहिणी घ्या, सगळे जीन सारखे. एकीला आमवात असला तरी दुसरीला होण्याचं प्रमाण शंभरात पंधराच्या आसपासच आहे. तेव्हा लेकीचं रक्त तपासत बसू नका. पुढेमागे तिची बोटं सकाळी तासभर आखडायला लागली आणि ते दीड महिना चाललं, तर मात्र ‘बघू’ म्हणून थांबू नका.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात गावात चिकुनगुनिया होता. मलाही ताप आला, तो गेला, पण मनगटं आणि घोटे पाच महिने झाले ठणकतात. आर.ए. फॅक्टर थोडा पॉझिटिव्ह आलाय. चिकुनगुनियाचा आमवात झाला का? वय 50. (उदगीर)

उत्तर : भाऊ, आपल्या भागाला हा पाहुणा नवा नाही. बार्शीला 1973 मध्ये त्याची साथ येऊन गेली, मग तीसेक वर्षं सामसूम होती आणि 2006 मध्ये तो मराठवाड्यात घरोघर फिरला. गावंच्या गावं वाकून चालत होती. तेव्हापासून ताप उतरल्यावरही महिनोन् महिने दुखणारे सांधे आम्ही बघतोय.

गोंधळ होतो तो असा : चिकुनगुनियाही दोन्ही हातांचे बारके सांधे धरतो, सकाळी आखडवतो, सूजही आणतो. दिसायला थेट आमवात. फरक इतकाच की बहुतेकांचा काही महिन्यांत, कधी वर्षभरात ओसरतो. आर.ए. फॅक्टरवर एकट्यावर विसंबू नका. तो धडधाकट म्हाताऱ्यांत, क्षयात, कुष्ठरोगात, सी प्रकारच्या काविळीतही पॉझिटिव्ह येतो, आणि खरोखर आमवात असलेल्या काही जणांत निगेटिव्ह राहतो. अँटी-सीसीपी करून घ्या, ती जास्त भरवशाची. सोबत ईएसआर, सीआरपी (अंगात दाह किती ते सांगणाऱ्या रक्ततपासण्या) आणि हातापायांचा एक्स-रे.

घरी एक करून बघा. डाव्या हाताची चार बोटं जिथं पंजाला मिळतात, तो भाग उजव्या हातात आडवा धरा आणि हात मिळवताना जोर देतो तसा दाबा. मग दुसरा हात, मग पावलं, बोटांच्या मुळाशी. कळ मस्तकात गेली, आणि बोटांच्या मुळाशी जे चार उंचवटे असतात त्यांच्यामधल्या खळग्या सुजेनं भरून गेलेल्या दिसल्या, तर सांधेतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. काही थोड्या लोकांत चिकुनगुनियानंतरचं दुखणं आमवातासारखंच कायमचं मुक्काम करतं, आणि मग उपचारही आमवाताचेच करावे लागतात. नुसत्या चिठ्ठीवरच्या आकड्यावरून मात्र गोळ्या सुरू करू नका.

प्रश्न : आई 44 वर्षांची, बाबांसोबत ऊसतोडीला जाते. 29 व्या वर्षी पिशवी काढली. तीन वर्षांपासून आमवात आहे. बाजारच्या दिवशी एक जण पुड्या देतो, त्यानं पहिल्याच आठवड्यात उठून बसली, कोयता धरायला लागली. आता तोंड सुजल्यासारखं गोल झालंय, शुगर 260 निघाली. पिशवी काढल्यानं आमवात झाला का? पुड्या बंद करू का? (धारूर)

उत्तर : दादा, आधी पुड्यांचं. एकदम बंद करू नकोस. हे वाक्य आईला आणि बाबांना दोघांना वाचून दाखव.

आठवड्यात उठवून बसवणारी, तोंड गोल करणारी आणि शुगर चढवणारी पुडी म्हणजे तिच्यात स्टेरॉइड कुटून घातलेलं असणार, मग देणारा त्याला जडीबुटी म्हणो की आणखी काही. महिनोन् महिने बाहेरून स्टेरॉइड मिळालं की किडनीवरच्या ग्रंथी स्वतःचं बनवायचं थांबवतात. पुडी अचानक बंद झाली तर उलट्या, रक्तदाब घसरणं, चक्कर येऊन पडणं, जिवावरही बेततं. एक पुडी खिशात घालून आईला फिजिशियनकडे ने. ते मोजून-मापून गोळीवर आणतील, हळूहळू उतरवतील आणि आमवाताचं खरं औषध सुरू करतील. स्टेरॉइड वाईट नाही. थोड्या मात्रेत, थोडे दिवस, लिहून दिलेलं असेल तर मीही देते. किती घातलंय हे देणाऱ्यालाही ठाऊक नसतं, तिथं माझं डोकं फिरतं.

शुगर दोन्हीकडून वाढते. स्टेरॉइड वाढवतंच, पण अंगात सतत दाह असला की इन्सुलिनही नीट काम करत नाही. आमवात ताब्यात आला की शुगरही जरा नमते, हे पुष्कळदा बघायला मिळतं.

पिशवीचं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या ज्या भावानं काढल्या गेल्या, त्यावर 2019 मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, तेव्हा प्रश्न रास्त आहे. पाळी 45 च्या आत कायमची थांबली तर आमवाताचा धोका थोडा वाढतो असं अभ्यासांत दिसलंय. पिशवीसोबत अंडाशयंही काढली का, ते ऑपरेशनच्या कागदावर बघ. पण आईला त्यानंच झाला असं बोट ठेवता येत नाही. हाडांचं मात्र खात्रीनं सांगते : लवकर थांबलेली पाळी, आमवात आणि पुड्या, तिन्ही हाडं पोखरतात. डॉक्टरांना कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आणि डेक्सा तपासणीचं (हाडं किती भरीव ते मोजणारी) विचार. पाठीत अचानक कळ भरली तर मणका दबला असेल, तिला उसात पाठवू नका.

कारखान्यावर जायची वेळ आली तर फाइल घरी ठेवून जाऊ नका. आमवाताच्या औषधावर असताना दर तीनेक महिन्यांनी रक्त तपासावं लागतं, लिव्हर आणि पेशींचं, आणि तेच महिने तुम्ही गावाबाहेर असता. जवळचा सरकारी दवाखाना कुठला, ते कोप (झोपडी) टाकल्या टाकल्या शोधून ठेवा.

प्रश्न : वडील 58 वर्षांचे. मेथोट्रेक्सेटनं (आमवाताची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी) पुरेसा फरक नाही म्हणून डॉक्टर महागडं इंजेक्शन सुचवतायत. पण त्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीची रक्ततपासणी, काविळीची तपासणी. वडिलांना 2004 मध्ये टीबी होऊन पूर्ण बरा झाला होता. सांध्याच्या दुखण्यात हे सगळं कशाला? (नांदेड)

उत्तर : तुमच्या डॉक्टरांना माझ्याकडून शाबासकी द्या.

क्षयाचे जंतू औषधांनी किंवा शरीराच्या ताकदीनं हरले तरी थोडे आत झोपून राहू शकतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत बांधतं. ती भिंत उभी ठेवणाऱ्या पदार्थांपैकी एक म्हणजे टीएनएफ. आमवातात सांधा सुजवणाराही तोच. त्याला अडवणारी इंजेक्शनं 1998 च्या सुमारास बाजारात आली, सांधे उतरले, आणि 2001 पर्यंत लक्षात आलं की काही रुग्णांत जुना क्षय जागा होतोय, पुष्कळदा फुप्फुसाबाहेर. ज्या देशात क्षयाचा जंतू इतक्या लोकांच्या अंगात झोपलेला आहे, तिथं तपासल्याशिवाय ते इंजेक्शन देणं म्हणजे निष्काळजीपणा. लपलेला जंतू सापडला तर प्रतिबंधक गोळ्या सुरू करून साधारण महिन्यानं इंजेक्शन देता येतं. वडिलांचा 2004 चा कागद, कुठली औषधं किती महिने घेतली तो, सापडला तर घेऊन जा. सगळी इंजेक्शनं या बाबतीत सारखी नसतात, कागद बघून डॉक्टर कदाचित दुसरं निवडतील.

बी प्रकारची कावीळही अशीच झोपून राहते आणि या औषधांनी उठते, म्हणून ती तपासणी.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते. आमवाताच्या माणसाला हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीडपट असतो. दाह नुसता सांध्यात राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही लागतो. वडिलांचं बीपी आणि कोलेस्टेरॉल बघून घ्या. छातीत दाबल्यासारखं झालं तर ‘वात छातीत आला’ म्हणून तेल चोळत बसू नका. कोरडा खोकला आणि जिना चढताना दम हाही आमवात फुप्फुसात उतरल्याचा इशारा असू शकतो. ते खोकल्याच्या बाटलीचं काम नाही.

प्रश्न : मला आठ वर्षांपासून आमवात, मेथोट्रेक्सेट चालू आहे. दिवाळीत कावीळ झाली. आश्चर्य म्हणजे त्या तीन आठवड्यांत एकही सांधा दुखला नाही! कावीळ उतरली आणि दुखणं परत आलं. घरचे हसतात. (हिंगोली)

उत्तर : हसू द्या. तुम्हाला जे दिसलं त्याच्यावरून एकानं नोबेल मिळवलंय.

अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. 1929 मध्ये त्यांच्या एका आमवाताच्या रुग्णाला कावीळ झाली आणि सांधे मोकळे झाले. मग ते अशा केसेस टिपत गेले. गरोदर बायकांनाही आराम पडतो हे त्यांनी त्याच्याशेजारी मांडून ठेवलं. दोन्हीत शरीर स्वतःच काहीतरी तयार करत असणार, असा त्यांचा अंदाज. पित्ताचे क्षार देऊन कावीळ नकली घडवता येते का, तेही करून पाहिलं, जमलं नाही. त्यांचे सहकारी केंडॉल किडनीवरच्या ग्रंथींतून एकेक पदार्थ वेगळा काढत होते. त्यातला एक सप्टेंबर 1948 मध्ये अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण बाईला टोचला, आणि काही दिवसांत ती चालायला लागली. ते कॉर्टिसोन. 1950 चं नोबेल हेंच, केंडॉल आणि राइखस्टाइन या तिघांना मिळालं. कॉर्टिसोननं आमवात मुळातून जात नाही आणि जास्त दिलं तर काय होतं, हे त्यांनाही लवकरच कळलं. धारूरच्या पुडीत आहे ते त्याच घराण्यातलं.

आता तुमच्याबद्दल. कावीळ झाली तेव्हा मेथोट्रेक्सेट थांबवलं होतं का? पत्रात ते नाही, आणि मला त्याचीच काळजी आहे. ती गोळी लिव्हरला जड जाते. कावीळ झाली, डेंग्यूचा ताप आला, जुलाबानं अंग सुकलं, की गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. स्टेरॉइड चालू असेल तर ते मात्र आपल्या मनानं थांबवायचं नाही. कावीळ पाण्यातून आलेली होती, बी किंवा सी होती, की औषधाचीच होती, हे तपासल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका. आणि काविळीवर झाडपाल्याचा रस घेतला असेल तर तेही सांगा, लाजू नका. काही पाले लिव्हरचं उरलंसुरलं काढून घेतात.

प्रश्न : वय 26, लग्नाला वर्ष झालं, आमवात आहे, आता मूल हवंय. थायरॉइडची गोळीही चालू आहे. (परभणी)

उत्तर : होईल की. आधी डॉक्टरांना सांग, मग पाळी चुकू दे, उलट क्रम नको. मेथोट्रेक्सेट तीन महिने आधी बंद करावं लागतं, लेफ्लुनोमाइड असेल तर ते अंगातून काढायचं वेगळं औषध असतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, सल्फासॅलाझिन चालतात, त्यावर बदलून देतील. थायरॉइड आणि आमवात बऱ्याचदा एकत्र येतात, दोन्हीत प्रतिकारशक्तीच उलटलेली असते. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघून घे, थायरॉइड कमी पडलं तरी अंग आखडतं आणि हाताला मुंग्या येतात, मग उगाच आमवाताच्या गोळ्या वाढवल्या जातात. बाळंतपणानंतर दुखणं उसळेल हे धरून चाल. औशाच्या ताईंचं उत्तर नवऱ्यालाही वाचायला दे.

प्रश्न : येळवशीला (वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला) आंबील आणि भज्जी खाल्ली की दुसऱ्या दिवशी सांधे सुजतात. आंबट आणि डाळींनी वात वाढतो म्हणून आता घरचे देत नाहीत. वांगं तर बंदच. (निलंगा तालुका)

उत्तर : खा. आंबट, वांगं किंवा हरभऱ्यानं आमवात होत नाही. एखादी गोष्ट खाल्ली की दर वेळी त्रास होतोच असं असेल तर ती एकटी सोडा, पण डाळी आणि ताक तोडू नका. आमवातात आधीच रक्त कमी असतं, वर दुखण्याच्या गोळ्यांनी जठराला व्रण पडून आणखी जातं. अशा माणसाचं ताट रिकामं करून काय मिळवायचं?

मला संशय वेगळाच आहे. आदल्या रात्रीपासून भाज्या कोण निवडतं, तीस माणसांची भज्जी कोण ढवळतं, उंडे कोण वळतं, आणि पहाटेच्या गारठ्यात डोक्यावर टोपलं घेऊन शेतात कोण जातं? दुसऱ्या दिवशी मनगटं सुजणारच. यंदा पळी दुसऱ्याच्या हातात द्या आणि काय होतं ते कळवा. मेथोट्रेक्सेटचा वार नेमका त्या दिवशी आला आणि गडबडीत राहून गेला, तर दुसऱ्या दिवशी घ्या. त्या आठवड्याची ती एकदाच, मग पुढची आपल्या ठरल्या वारी. रोज एक घेऊन तोंडात फोड आणि पेशी खाली गेलेले पेशंट मी बघितलेत, म्हणून पाकिटावर वार पेनानं मोठा लिहून ठेवा.